राग दोन्ही रकान्यांत

(किशोरवयीन मुलींचे गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय 'किशोरवयीन मुलींचं व्यक्तिमत्त्व' असा आहे. विषय एवढा मोठा आहे की त्यावर बोलायला लागलं की माणूस हमखास उपदेश करतो. म्हणून मी तो एका मुलीपुरताच घेणार आहे. ही मुलगी खरी नाही, कादंबरीतली आहे. पंधरा वर्षांची आहे, अमेरिकेतली आहे आणि दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या वस्तीतल्या मुली सोडून ही बाई कुठं निघाली? पण मला तिच्याकडे परत पाठवलं ते वस्तीतल्याच एका मुलीनं. ते आधी सांगते.

आपण सगळ्याच जणी गटात तो तक्ता घेतो. मोठा कागद, मधोमध उभी रेघ, डावीकडे 'माझे गुण', उजवीकडे 'माझे दोष'. मुली सतरंजीवर पालथ्या पडून, स्केचपेनं घेऊन लिहितात. नववीतल्या एका मुलीनं दोन्ही रकान्यांत एकच शब्द लिहिला होता : रागीट. मी म्हटलं, "अगं, असं कसं? एका बाजूला लिही. एक तर गुण, नाही तर दोष." ती म्हणाली, "दोन्ही आहे, ताई." मला घाई होती. पुढचा गट दारात येऊन उभा होता. मी तिच्या हातातलं स्केचपेन घेतलं आणि डावीकडचा 'रागीट' खोडला. ती काही बोलली नाही. पण पुढचे दोन शनिवार ती गटात आली नाही.

वीस वर्षं काम केलेल्या बाईनं हे केलं. त्या रात्री मला ज्योची आठवण आली.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी' वाचलं असेल. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल विमेन'चा तो अनुवाद. मी तेरा वर्षांची असताना तालुक्याच्या वाचनालयातून ते आणलं होतं. सुट्टी होती, माजघरात भिंतीला टेकून वाचायचे. मार्च कुटुंबातल्या चार बहिणी. मेग, ज्यो, बेथ आणि अ‍ॅमी. आमच्याकडे वाचणाऱ्या सगळ्या मुली म्हणायच्या, मी ज्यो आहे. कुणी 'मी बेथ आहे' म्हटल्याचं मला आठवत नाही. बेथ फार चांगली होती म्हणून असेल कदाचित.

ज्यो कशी आहे असं विचारलं तर चटकन उत्तर येतं : बंडखोर, टॉमबॉय, शिट्ट्या वाजवणारी, पुस्तकांत बुडालेली, लेखिका होऊ पाहणारी. हे सगळं खरं आहे. पण या खेपेला पुस्तक पुन्हा वाचताना मी एक उद्योग केला. ज्योचा तो आपला तक्ता तयार करायला घेतला. दोन रकाने. आणि मला कळलं की जवळजवळ प्रत्येक शब्द मला दोन्हीकडे लिहावा लागतोय.

बघा कसं ते.

पुस्तकाची सुरुवात नाताळच्या सुमाराला होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. वडील पादरी म्हणून सैन्याबरोबर गेले आहेत. ज्योची तक्रार अशी की आपल्याला मुलगा व्हायचं होतं, वडिलांबरोबर लढायला जायचं होतं, आणि इथं म्हातारीसारखं घरी बसून विणकाम करावं लागतंय. 'जोसेफिन' हे आपलं पूर्ण नावही तिला नको असतं. म्हणजे हिला घराबाहेर जायचंय, असं आपण धरून चालतो. पण मेगच्या लग्नाची गोष्ट निघते तेव्हा सगळ्यात जास्त कासावीस होते ती हीच! घरातलं एक माणूसही हलू नये, चौघीजणी अशाच राहाव्यात, अशी तिची इच्छा. तिला सगळं जग हिंडायचंय आणि उंबऱ्याच्या आतलं काहीच बदलायला नकोय.

आता दुसरं. वडील आजारी असल्याची तार येते. आईला वॉशिंग्टनला जायचंय, पैसे हवेत. श्रीमंत मार्च आत्याकडे मागावे लागणार, आणि त्यासोबत चार शब्द ऐकून घ्यावे लागणार. ज्यो बाहेर जाते आणि पंचवीस डॉलर आणून आईच्या हातात ठेवते. डोक्यावरची टोपी काढते तर केस कापलेले. तिचं रूप म्हणावं असं काय होतं, तर ते केस. ते विकून आली. घरात सगळ्या हळहळतात, ती मात्र हसते, थट्टा करते, डोकं हलकं झालं म्हणते. आणि रात्री दिवा मालवल्यावर मेगला हुंदके ऐकू येतात. मेगला वाटतं, वडिलांसाठी रडतेय. तर नाही. केसांसाठी रडतेय.

तेराव्या वर्षी मला हा प्रसंग वाचून जरा राग आला होता. एवढा मोठा त्याग केला, मग रडायचं कशाला? आज मला तो त्या पुस्तकातला फार मोलाचा प्रसंग वाटतो. आपल्याकडे मुलीच्या त्यागाला मुभा आहे. मुभा कसली, सक्तीच आहे! भावाच्या शिक्षणासाठी शाळा सोड, आई आजारी आहे म्हणून चूल सांभाळ. मुभा नाही ती त्यानंतर रडण्याला. केलंस ना, मग हसतमुखानं कर. अल्कॉटनं ज्योला दोन्ही करू दिलं. केसही दिले आणि रडलीही. आणि त्या देण्यात नुसती माया नव्हती बरं का. आत्यापुढे हात पसरायचा नाही हा ताठाही होता. माया, ताठा आणि पश्चात्ताप, सगळं त्या पंचवीस डॉलरांत होतं. यातली खरी ज्यो कोणती, असं विचारायला गेलं तर काय उत्तर देणार?

तिसरा प्रसंग बेथचा. बेथ ही ज्योची सगळ्यात लाडकी बहीण. आई वॉशिंग्टनला गेल्यावर शेजारच्या गरीब हमेल कुटुंबाकडे कुणीतरी जाऊन यायला हवं असतं. बेथ थोरल्या दोघींना तसं सांगते. ज्योला खरं तर ताप येऊन गेलेला आहे, तिला धोका कमी. पण तिला लिहायचं असतं, हवाही बरी नसते. ती जात नाही. बेथ जाते आणि तांबडा ताप घेऊन येते. त्यातून ती उठते, पण पहिल्यासारखी कधीच होत नाही, आणि पुस्तकाच्या दुसऱ्या भागात जाते. जिच्यावर जिवापाड माया, तिच्याच बाबतीत त्या दिवशी आळस झाला. याला काय म्हणायचं? ज्यो स्वार्थी होती? मग बेथच्या उशाशी रात्ररात्र जागणारी कोण होती?

आणि आता राग. माझं खरं काम इथंच होतं.

धाकट्या अ‍ॅमीला नाटकाला नेलं नाही म्हणून ती ज्योची हस्तलिखित वही जाळते. कित्येक वर्षं लिहिलेल्या गोष्टी, दुसरी प्रत नाही. ज्यो तिला माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी ज्यो आणि शेजारचा लॉरी गोठलेल्या नदीवर स्केटिंगला जातात, अ‍ॅमी मागून येते. मधला बर्फ पातळ आहे, कडेकडेनं चल, असं लॉरी ओरडून सांगतो. ज्योला ते ऐकू येतं. अ‍ॅमीला ऐकू गेलेलं नाही हेही तिला माहीत आहे. आणि ती गप्प राहते. बर्फ फुटतो, अ‍ॅमी पाण्यात जाते. लॉरी आणि ज्यो मिळून तिला बाहेर काढतात. म्हणजे त्या पाच-दहा मिनिटांत ज्योनं बहिणीला मरणाच्या तोंडी जाऊही दिलं आणि ओढून परतही आणलं.

त्या रात्री ती आईजवळ रडते. माझ्या रागाचं काय करू, म्हणते. आणि तिची आई, जिला सगळं गाव शांत, सोशीक म्हणतं, ती तिला सांगते की मीही तुझ्यासारखीच आहे. चाळीस वर्षं झाली, हा राग घालवायचा प्रयत्न करतेय. गेला नाही, आवरता तेवढा यायला लागलाय. जवळजवळ रोज मला राग येतो.

माजघरात बसून मी हे वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून स्वयंपाकघराकडे पाहिल्याचं मला आठवतं. माझी आई आमच्याशी कधी मोठ्या आवाजात बोलली नाही. भांडी मात्र आपटायची. मी जाऊन विचारलं, "आई, तुला राग येतो?" ती म्हणाली, "चल, ऊठ, पाणी आलंय, कळशी घे." झालं, संभाषण संपलं. तिच्या रागाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. ज्योला मिळालं ते मला मिळालं नाही, एवढंच मी म्हणेन. 'तू वाईट आहेस' असं न म्हणता 'तू माझ्यासारखी आहेस' असं आईनं म्हणणं, याची किंमत फार मोठी आहे.

पण इथंच मला अडायला होतं, तेही सांगायला हवं. या आईला राग आवरायला मदत कुणी केली? नवऱ्यानं. ज्योलाही आठवतं की आईचा पारा चढायला लागला की वडील ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे पाहायचे. आता या वडिलांकडे पाहा. मित्राला मदत करण्याच्या नादात पैसा गेला, घर ओढणारी बाई, आणि रागावायचं नाही हे शिकवणार तो! खऱ्या आयुष्यातही अल्कॉटचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट मोठे विचारवंत, शिक्षणात नवे प्रयोग करणारे. पण संसार चालवायचा त्यांना जमलं नाही. आई अ‍ॅबिगेल, लुइसा आणि तिची थोरली बहीण यांनी काम करून घर चालवलं. शिवणकाम, शिकवण्या, घरकाम, जे मिळेल ते. तेव्हा ते ओठांवरचं बोट वाचताना माझ्या मनात येतं की राग आवरायला शिकवण्याआधी तो कशाचा आहे, हे कुणी विचारलं का?

म्हणून मी अल्कॉटच्या आयुष्यात थोडी डोकावले. तिचा जन्म १८३२ सालचा. यादवी युद्धात, १८६२च्या अखेरीस ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. काही आठवड्यांतच तिला टायफॉइड झाला, पाऱ्याचं औषध दिलं गेलं आणि तब्येत कायमची ढासळली. ज्योला जाता आलं नाही त्या युद्धावर लेखिका स्वतः जाऊन आली होती! १८६८ साली टॉमस नाइल्स या प्रकाशकानं तिच्याकडे मुलींसाठी पुस्तक मागितलं. तिला ते लिहायची हौस नव्हती, बहिणी सोडल्या तर आपल्याला मुलींची फारशी आवडही नाही, ओळखही नाही, असं तिनं रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. पण घराला पैसा हवा होता. मुलींवर न आवडता लिहिलेलं पुस्तक मुलींनी दीडशे वर्षं उराशी धरलं. तेव्हा विरोधाभास ज्योपासून सुरू होत नाही, तिच्या आईपासून, म्हणजे तिला लिहिणारीपासून सुरू होतो.

ज्यो पुढे शहरात जाते, नाव न घालता सनसनाटी गोष्टी लिहून विकते, खून, सूड, गुपितं असल्या. पैसे घरी पाठवते. मग प्राध्यापक भेअर अशा लिखाणाबद्दल नापसंती दाखवतात आणि ती ते सगळं चुलीत घालते. लहानपणी वही जाळली म्हणून बहिणीला माफ न करणारी ज्यो स्वतःच्या हातानं स्वतःचं लिखाण जाळते! अल्कॉटनंही अशा गोष्टी लिहिल्या होत्या, ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं. बायकांचे सूड, बायकांचे डाव, बायकांचा राग, सगळं त्यात होतं. हे टोपणनाव तिचंच, हे जगाला कळलं १९४३ साली, लिओना रोस्टेनबर्ग या संशोधक बाईंनी ते उजेडात आणल्यावर. म्हणजे आवरलेला राग कुठं गेला होता, त्याचा पत्ता तिच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी लागला.

आता लग्नाचा प्रश्न. त्यावर आपल्यातल्या पुष्कळ जणी ज्योवर रुसलेल्या असतात. मीही होते. लग्न करणार नाही म्हणणारी ज्यो, लॉरीसारख्या मित्राला नाही म्हणणारी ज्यो, शेवटी त्या पोक्त प्राध्यापकाशी लग्न करते. तत्त्व सोडलंस की गं! पण यामागची गोष्ट अशी आहे. पहिला भाग १८६८ साली आला तेव्हा ज्योचं लग्न झालेलं नव्हतं. दुसरा भाग १८६९चा. मधल्या काळात वाचक मुलींची पत्रं आली, लग्न कुणाशी लावणार म्हणून. अल्कॉटनं एका मैत्रिणीला कळवलं की ज्यो लिहिणारी आणि अविवाहित राहायला हवी होती, पण मुलींनी धरणंच धरलं, तेव्हा लॉरीशी लावायचं सोडून मी मुद्दाम तिची विचित्र जोडी जमवली. स्वतः अल्कॉट अविवाहित राहिली. २०१९ साली ग्रेटा गर्विगनं काढलेल्या चित्रपटात हीच ओढाताण पडद्यावर आणली आहे. तिथं प्रकाशक ज्योला बजावतो की नायिकेचं शेवटी लग्न व्हायलाच हवं.

म्हणजे हा विरोध ज्योच्या स्वभावातला नाहीच. तो बाजारानं घातलेला आहे.

इथं मला माझ्या तक्त्यासाठी एक वाट सापडली, ती तुमच्यापुढे ठेवते. पटली तर घ्या.

मुलीत दिसणारे विरोध सगळे एका जातीचे नसतात. काही तिच्या वयाचे आणि मनाचे असतात. केस देणं आणि केसांसाठी रडणं. घराबाहेर पडायची ओढ आणि घर मोडायची भीती. यांत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ते आपल्यातही आहेत, फक्त आपण झाकायला शिकलोय.

काही विरोध परिस्थितीनं तिच्यावर लादलेले असतात. लिहायचंय आणि घरालाही पैसा हवाय. शिकायचंय आणि धाकटी भावंडंही सांभाळायचीत. बाहेरून पाहणाऱ्याला ती 'धरसोड' वाटते. आज म्हणते शिकणार, उद्या म्हणते काम बघते. आपणही अहवालात लिहितो, 'मुलीत सातत्य नाही'. अगं, सातत्य तिच्या घरच्या चुलीत नाही, ते तिच्यात कुठून येणार? इथं स्वभावावर सत्र घेऊन उपयोग नाही. इथं पाळणाघर, शिष्यवृत्ती, बापाची दारू, यांवर काम करावं लागतं.

आणि काही विरोध गोष्ट सांगणाराच निर्माण करतो, किंवा गोष्ट सांगताना पुसून टाकतो. यात आपण येतो. मी त्या मुलीबद्दल एक नोंद केली होती, ती तुम्हाला वाचून दाखवायची लाज वाटते. 'गटात येण्यापूर्वी ही मुलगी अत्यंत रागीट होती. सत्रांनंतर ती समजूतदार झाली आहे.' दोन वाक्यं. आपल्याला यशकथा लागतात, निधी देणाऱ्यांना लागतात. त्यात आधी काळोख आणि मग उजेड असावा लागतो. अल्कॉटच्या प्रकाशकाला लग्न हवं होतं, आपल्याला समजूतदारपणा हवा असतो. फरक फार नाही.

आणखी एक गोष्ट, नाही तर हे सगळं बोलणं अर्धवट राहील. ज्योच्या घरी पैशाची चणचण असली तरी स्वयंपाकघरात हॅना नावाची मोलकरीण आहे. वर्षानुवर्षं राबणारी, मायाळू, विश्वासू. पुस्तकभर तिला कुणी विचारत नाही की बाई, तुला राग येतो का? चौघीजणींना मनं आहेत, मनांत गुंते आहेत. हॅना नुसती चांगली आहे. विरोधी स्वभावाचे असण्याचाही एक मान असतो, आणि तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे मला हॅनाकडे बघून कळलं. आपल्याकडेही तसंच आहे. बंगल्यातली मुलगी रागावली तर ती 'मनस्वी'. झोपडपट्टीतली, दलित वस्तीतली, पारध्यांच्या पालावरची मुलगी रागावली तर ती 'उद्धट', 'तोंडाळ'. वर्गात बाईंना उलट प्रश्न विचारला म्हणून एकीचं कौतुक होतं आणि दुसरीच्या बापाला शाळेत बोलावणं जातं. तेव्हा 'राग हा गुण की दोष' हे फक्त रागावर ठरत नाही. कुणाचा राग, यावरही ठरतं. मी जो शब्द खोडला, तो मी कुणाचा खोडला, हे मला स्वतःला विचारावं लागलं. माझ्या भाचीनं तो तसाच लिहिला असता तर मी हसले असते. 'वा, हुशार आहे' म्हटलं असतं.

त्या मुलीचं सांगते आणि थांबते.

तिसऱ्या शनिवारी मी तिच्या घरी गेले. ती नळावर होती. रांगेत तिच्याबरोबर उभी राहिले. म्हटलं, "मी तुझा शब्द खोडला, ते चुकलं माझं. तू दोन्हीकडे का लिहिलं होतंस, ते मला सांगशील?" बराच वेळ ती हंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आठवीनंतर मला घरी बसवत होते. मी दोन दिवस जेवले नाही. भांडी फेकली. तेव्हा शाळा चालू राहिली. ते डावीकडचं." मी म्हटलं, "आणि उजवीकडचं?" ती म्हणाली, "धाकटीनं माझी वही फाडली. मी तिला एवढं मारलं की तिच्या कानातून रक्त आलं. आता तिला त्या कानानं कमी ऐकू येतं."

मैत्रिणींनो, मला तिथं काहीही बोलता आलं नाही. ज्योची वही, अ‍ॅमी, तो पातळ बर्फ, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण कादंबरीत अ‍ॅमी सुखरूप बाहेर येते. इथं कान गेला होता. एकाच रागानं तिची शाळा वाचवली होती आणि बहिणीचा कान घालवला होता, आणि ही चौदा वर्षांची मुलगी दोन्हीचा हिशेब चोख ठेवून होती. तिला हे नीट माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला.

धाकटीला आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उपचार चालू आहेत. किती फरक पडेल, डॉक्टर अजून सांगत नाहीत. थोरली गटात येते. कधी येते, कधी नाही. समजूतदार वगैरे झालेली नाही. परवा तिनं माझ्याशीच भांडण काढलं, आणि मुद्दा तिचा बरोबर होता.

तक्ता मी अजून घेते. फक्त मधली रेघ काढत नाही. मुलींनी एक शब्द लिहायचा आणि त्याखाली दोन प्रसंग, या शब्दानं मला कधी तारलं आणि कधी बुडवलं. वेळ जास्त लागतो. एका सत्रात तीन-चार मुलींचंच होतं. आधी मी स्वतःचा लिहिते, कारण ज्योच्या आईकडून शिकण्यासारखं तेवढं नक्की आहे. माझाही शब्द 'रागीट' आहे. आधीच्या आयुष्यात भांडी आपटणाऱ्यांपैकीच मी एक.

आता माझं पुरे. इथं कागद आहेत, पेनं आहेत. जेवणाला अजून पाऊण तास आहे. प्रत्येकीनं आपला एक शब्द लिहावा, आणि मग आपण बोलू.